पारंपरिक मार्ग

मला भांडणं मिटवता येतात, असा माझा तीस वर्षं गैरसमज होता. माझा एकटीचा नव्हता, गावानंच तो पाळलापोसला. मी अंगणवाडीची बाई. प्रवरेच्या अंगाला, नेवासा आणि श्रीरामपूर यांच्या मधल्या उसाच्या पट्ट्यात आमचं गाव. पोलिओचा डोस असो, पोरांची वजनं असोत, बाळंतिणीची चौकशी असो, माझा पाय लागला नाही असं घर तिथं नाही. पाय कुठपर्यंत लागायचा, ते मात्र घरागणिक वेगळं. कुठं पडवीपर्यंत, कुठं ओसरीच्या कडेपर्यंत, कुठं थेट गॅसच्या ओट्यापर्यंत. आम्ही बौद्ध. आता कोणी तोंडावर काही बोलत नाही, शिकलेत सगळे. पण कोणत्या घरात कुठं थांबायचं हे मला न सांगता कळायचं, आणि मला त्याचाच अभिमान होता. मी म्हणायचे, मी माणसं ओळखते. डोंबल ओळखते.

अंगणवाडीत पहिल्यांदा खिचडी शिजायला लागली तेव्हा मी आणि मदतनीस, दोघीही आमच्या वस्तीतल्या. गावातली निम्मी पोरं घरून डबा घेऊन यायची. पोराला खिचडी सोसत नाही म्हणायच्या आया. एका महिन्यात अख्ख्या गावातल्या पोरांची पोटं बिघडली होती, आमच्या वस्तीतल्या पोरांची तेवढी धडधाकट. मी भांडले नाही. भांडून काय होतं, असं तेव्हा माझं मत होतं. पेठेच्या कोपऱ्यावर मोठा बंगला आहे, तिथल्या काकूंकडे गेले. गावात सगळ्यात मोठं बागाईत त्यांचं, त्यांच्या मालकांना सगळं गाव बागाईतदार म्हणूनच हाक मारायचं. काकूंना म्हटलं, नातवाला देऊ नका हवं तर, पण एकदा येऊन बघा तरी कशी शिजते. त्या आल्या. पोरांच्या सतरंजीवर बसल्या आणि माझ्या हातची खिचडी दोन घास खाल्ली. मीठ कमी आहे म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नातवाचा डबा बंद झाला, आणि आठ दिवसांत बाकीच्या डब्यांनीही मान टाकली.

हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कोणी काकूंना वाईट बाई म्हणेल. त्या वाईट नाहीत. वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

आता रस्त्याचं सांगते. सगळं त्या रस्त्यावरच अडलंय. आमच्या वस्तीपासून शाळेच्या मैदानापर्यंत जायला दोन रस्ते आहेत. पुढचा वेशीतून, पेठेतून, बंगल्याच्या कोपऱ्यावरून जातो. मागचा ओढ्याच्या कडेनं, उकिरड्यांच्या मधून. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत एप्रिलातल्या जयंतीची मिरवणूक वस्तीतल्या वस्तीत फिरायची. त्या वर्षी आमच्या ह्यांनी आणि ह्यांच्या बरोबरीच्या पोरांनी ठरवलं की फोटो पुढच्या रस्त्यानं न्यायचा, गावाच्या डोळ्यांदेखत. कोपऱ्यावर माणसं काठ्या घेऊन उभी होती. सगळ्यात पुढं बागाईतदार. ह्यांचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. नगरच्या सरकारी दवाखान्यात महिनाभर काढला, हाड वाकडंच जुळलं. मी तेव्हा पोटुशी होते, आणि दवाखान्यातल्या फरशीवर झोपून झोपून माझी पाठ जी धरली ती आजही थंडीत दुखते.

केस झाली. मग जाणती माणसं बसली आणि तोड निघाली. ह्यांनी केस मागं घ्यायची, त्या बदल्यात मिरवणूक दर वर्षी पुढच्याच रस्त्यानं जाईल आणि कोपऱ्यावर बागाईतदार स्वतः फोटोला हार घालतील. ह्यांनी केस मागं घेतली. एक पाय दिला आणि एक रस्ता घेतला, असा तो सौदा.

आणि बागाईतदारांनी शब्द पाळला, हेही खरंच आहे. पंचवीसेक वर्षं त्यांनी हार घातला. सुरुवातीला तोंड वाकडं करून, पुढं सवयीनं, शेवटी शेवटी तर फेटा बांधून, हौसेनं. ह्यांनी त्यांच्या हातचा चहा कधी घेतला नाही. पण मिरवणूक कोपऱ्यावर थांबली की हे गर्दीतून लंगडत पुढं व्हायचे आणि फोटोच्या बाजूला उभे राहायचे. हार पडला की मान हलवायचे, मग गाडा पुढं निघायचा. हे कारखान्यात हंगामी कामगार होते, उभ्या आयुष्यात त्यांना कोणी मान दिला असेल तर तो त्या कोपऱ्यावर, वर्षातून एकदा, दोन मिनिटं. त्यांना तेवढं पुरायचं.

लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी, जयंतीला चार दिवस राहिले असताना, बागाईतदार वारले. पहाटे छातीत कळ आली, श्रीरामपूरला नेईपर्यंत खेळ संपला. मी दुसऱ्या दिवशी काकूंना भेटायला गेले. त्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळ मोकळं. मी सवयीनं उंबऱ्यावरच थांबले. त्या म्हणाल्या, आत या बाई. गेले, शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात त्या बाईनं माझा हात कधी धरला नव्हता. खिचडी खाल्ली होती, कढीपत्ता दिला होता, लेकीच्या बाळंतपणात रात्री-अपरात्री मला बोलावणं पाठवलं होतं, पण हात नाही. मला भरून आलं. आणि कोणी मागितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं, तरी मी आपण होऊन बोलून बसले.

"काकू, घरात दुखवटा आहे. यंदाच्याला आमची मिरवणूक मागच्या रस्त्यानं नेऊ. वाजत-गाजत तुमच्या दारावरनं नाही जायची आम्ही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांनी हात फक्त घट्ट दाबला. दारात त्यांचा मुलगा उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. घरी येताना मला काय वाटत होतं सांगू? मला मोठं झाल्यासारखं वाटत होतं. त्यांच्यात दुःख झालं आणि मन मोठं आपण केलं, अशा गुर्मीत मी वेशीतून चालत आले.

संध्याकाळी समाजमंदिरात मंडळाची पोरं जमली. मी सांगितलं आणि पोरं भडकली. ह्यांनी सगळ्यांना गप केलं आणि एक तोड सांगितली. कोपरा येण्याआधी वाजाप बंद करायचं, तिथं दोन मिनिटं सगळ्यांनी गप उभं राहायचं, मेलेल्या माणसाला मान द्यायचा आणि पुढं जायचं. रस्ता मात्र तोच. इतकी सरळ गोष्ट होती. काकूही नाही म्हणाल्या नसत्या. उलट त्यांना बरंच वाटलं असतं. पण मी शब्द देऊन आले होते ना. मी म्हटलं, आता माघार घेतली तर गावात तोंड कसं दाखवू, आणि एका वर्षानं काय आभाळ कोसळतंय? पोरांपैकी निम्म्यांना मी अंगणवाडीत मांडीवर घेऊन भरवलं होतं. ती माझ्यापुढं जास्त बोलली नाहीत. ह्यांनी तेवढं विचारलं.

"कुनाला इचारून शब्द दिलास?"

हे उठून घरी गेले.

दर सण-जयंतीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. गावोगावची दोन-चार माणसं बोलावतात, सगळ्या समाजाची पाहिजेत म्हणून निवडून बोलावतात, आणि मी बाई आणि बौद्ध अशी दोन्ही असल्यामुळं एका खुर्चीत दोघांची सोय व्हायची. तिथं चहा कागदी कपात येतो. हे कागदी कप आले आणि आमच्या तालुक्यातला एक फार जुना प्रश्न आपोआप सुटला. आता कोणाचा कप कोणी विसळायचा हा वादच नाही, सगळे पितात आणि सगळे फेकतात. तर त्या वर्षीच्या बैठकीत काकूंच्या मुलानं, सुतकात असूनही मुद्दाम येऊन, उभं राहून माझं कौतुक केलं. साहेबांनीही केलं. असं समजूतदार नेतृत्व गावोगावी पाहिजे म्हणाले. रजिस्टरात लिहिलं की मिरवणूक मागील रस्त्याने शांततेत नेण्याचे सर्वानुमते ठरले. खाली मी सही केली. यंदापुरतं, हे मी तोंडानं दहा वेळा बोलले होते. लिहून घ्यायचं मला सुचलं नाही. दुःखाच्या घरी कागद कसला करायचा, असं आमच्याकडं वळण आहे.

त्या वर्षी मिरवणूक मागून गेली. डीजेच्या गाडीचं चाक ओढ्याच्या कडेला रुतलं, पोरांनी खांदा लावून काढलं. हे आले नाहीत. पाय दुखतो म्हणाले.

पुढं दिवाळीनंतर श्रीरामपूरला आम्हा सेविकांचं एक प्रशिक्षण झालं. सामाजिक सलोख्याचं. पुण्याहून एक तरुण माणूस आला होता, चांगला होता बिचारा, मनापासून शिकवत होता. त्यानं पडद्यावर गोल काढले, एकेका गोलात एकेक समाज, आणि गोलांच्या मधे बाण. संवाद साधा, समोरच्या गटाच्या भावना समजून घ्या, एक पाऊल आपण मागं घ्या म्हणजे समोरचाही घेतो. मग म्हणाला, कोणी आपला अनुभव सांगेल का? मी हात वर केला. सांगितली सगळी हकिगत, काकूंनी हात धरला तिथपर्यंत. सभागृहात टाळ्या. एका सेविकेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला प्रमाणपत्र मिळालं. मागं एकदा चुलीत घालायला काढलं, तर ते लॅमिनेशन केलेलं. जाळलं तर घरभर वास सुटेल म्हणून परत ट्रंकेत ठेवलं.

नंतरची दोन वर्षं लॉकडाऊनमध्ये गेली, मिरवणूकच नव्हती. तिसऱ्या वर्षी परत बैठक लागली. साहेब नवे होते. त्यांनी फाईल उघडली, शेवटच्या मिरवणुकीचं पान काढलं आणि वाचलं: मार्ग, मागील रस्ता. मी उठून म्हटलं, साहेब, ते एका वर्षासाठी होतं, आमची मिरवणूक पुढून जाते. साहेब म्हणाले, रेकॉर्डला जो मार्ग आहे तो पारंपरिक मार्ग, आणि पारंपरिक मार्ग सोडून नव्या मार्गाला परवानगी देता येत नाही. ज्या रस्त्यासाठी ह्यांचा पाय गेला, ज्या रस्त्यानं पंचवीस वर्षं फोटो गेला, तो रस्ता नवा झाला. आणि उकिरड्यातली वाट आमची परंपरा झाली. त्याआधीच्या वर्षांची कागदं काढा म्हटलं, तर ठाण्याची जागा बदलली तेव्हा जुनी कागदपत्रं कुठं गेली ते कोणाला ठाऊक नव्हतं.

काकूंचा मुलगा आता उपसरपंच झाला होता. तो फार गोड बोलतो. आपल्या गावात जातपात कुठं राहिली आहे, म्हणाला. मागचा रस्ता खराब आहे ही तक्रार असेल तर तो सिमेंटचा करून देऊ. आणि खरंच दिला की! सहा महिन्यांत ओढ्याच्या कडेनं पांढराशुभ्र रस्ता झाला, कडेला दिवे लागले. आता बोला. ज्यानं रस्ता घेतला त्यानंच रस्ता दिला, आणि आम्ही त्याच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवायला उभे.

आणखी एक गंमत. बागाईतदार वारले ते जयंतीच्या चार दिवस आधी. पण त्यांचं पुण्यस्मरण दर वर्षी बरोबर जयंतीच्याच दिवशी होतं. का? तर त्या दिवशी सरकारी सुट्टी असते, पाहुण्यांना यायला सोयीचं. बंगल्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या दुकानापर्यंत रस्त्यावर आडवा मांडव पडतो. संध्याकाळी कीर्तन, मग फुलं वाहायची, मग जेवण. आमच्याच फोटोच्या सुट्टीत आमच्याच फोटोची वाट बंद. हे कोणी रात्री बसून कट करून ठरवलं असतं तर मी त्यांना शाबासकी दिली असती. कोणी ठरवलं नाही. सगळं आपापल्या सोयीनं होत गेलं.

हे माझ्याशी बाकी सगळं बोलायचे. भाजीत मीठ, लेकीचा फोन, गॅस संपला, सगळं. जयंतीचा विषय निघाला की उठून अंगणात जायचे. सहा वर्षं. शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. ते नुसते उठायचे.

मी गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले. यंदा ठरवलं, काही झालं तरी रस्ता परत आणायचा. ह्यांची साठी उलटून गेलीय, पाय आता काठीशिवाय टेकत नाही, आणखी किती वर्षं वाट बघायची? मी नीट विचार केला. कागद त्यांच्या बाजूनं होता, पण साक्षीदार माझ्याकडं होती. मी यंदापुरतं म्हटलं होतं हे काकूंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्या बैठकीत येऊन तेवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर ना साहेबांना अडवता आलं असतं, ना त्यांच्या मुलाला. मांडव दोन तास उशिरा घातला असता तर काय बिघडणार होतं?

दुपारी गेले. काकू सोफ्यावर बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टा. सुनेला चहा टाकायला सांगितला, घरच्याच स्टीलच्या कपात, हेही सांगून ठेवते. मी सगळं बोलले. म्हटलं, तुम्ही फक्त एवढंच सांगा की बाई एका वर्षाचं बोलल्या होत्या. त्यांनी गुडघ्याचा पट्टा सारखा केला. मग मला म्हणाल्या की त्यांना सगळं आठवतं, त्या दिवशी मी जे बोलले ते त्यांची सख्खी बहीणही बोलली नव्हती. मला वाटलं, झालं काम. तर पुढं म्हणाल्या:

"पन बाई, दिलेलं कुनी परत मागतं का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, काकू, तुमच्या नवऱ्याच्या दुखवट्यापायी मी माझ्या नवऱ्याचा रस्ता दिला, आणि तो पाय कोणी मोडला होता ते तुम्हाला ठाऊक आहे. हे मी त्या घरात तीस वर्षांत पहिल्यांदा बोलले. त्यांनी डोळे पुसले. त्या म्हणाल्या की पोराच्या पुढं आता त्यांचं चालत नाही, आणि मेल्या माणसाचं जुनं काढू नये. त्या खरंच रडत होत्या, ढोंग नव्हतं. पण रडून झाल्यावरही नाहीच म्हणाल्या. चहा तसाच ठेवून मी उठले.

बैठकीत मी एकटीच बोलले. साहेब आता तिसरे होते, अदबीनं बोलणारे. त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं आणि विचारलं, बाई, ही सही तुमचीच ना? माझीच होती, छान वळणदार. यंदा मी सही केली नाही. म्हटलं, माझ्या नावापुढं विरोध लिहा. त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं आणि आमच्या मंडळाच्या अध्यक्षानं सही केली. तो पोरगा काकूंच्या मुलाच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहे. मी त्याला दोष देत नाही, असं सगळ्यांना सांगते. खोटं सांगते, देते. पण त्याच्या सहीत आणि माझ्या सहीत फरक असेल तर एवढाच की त्याला त्याच्या सहीचा पगार मिळतो, मी फुकटात केली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते अंगणात गेले नाहीत. ऐकून घेतलं.

जयंतीच्या दिवशी संध्याकाळी मिरवणूक मागच्या रस्त्याला लागली. ह्यांनी पांढरा शर्ट घातला, काठी घेतली, आणि बाहेर पडून वेशीकडं वळले. मी चपला सरकवत मागं पळाले. विचारलं, कुठं? म्हणाले, शाळेकडं. मिरवणुकीला परवानगी लागते, एका माणसाला चालायला काय लागतं? मला इतका आनंद झाला की काय सांगू. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्या बरोबरीनं गावातून चालले, मागून नाही. वेशीत लोक बसले होते, ते बघायला लागले. पेठेतून गेलो. काठी, पाय, काठी, पाय. मला वाटत होतं, आज रस्ता आपला झाला.

कोपऱ्यावर मांडव होता. कीर्तन संपून फुलांची वेळ झाली होती. आम्हाला मांडवातूनच पलीकडं निघायचं होतं, दुसरी वाट नव्हती. कोणी अडवलं असतं तर बरं झालं असतं. अडवलं नाही कोणी. काकूंच्या मुलानं लांबूनच ह्यांना बघितलं आणि हात जोडत पुढं आला. या या, काका, म्हणाला. लगेच पुढच्या रांगेतली खुर्ची आली. हे नको म्हणत होते, पण मांडव घालताना अंथरलेल्या सतरंजीत काठी अडकली, दोघांनी धरून बसवलं. आणि त्यानं माईक हातात घेतला. म्हणाला की आज आपल्या सगळ्यांसाठी भाग्याचा दिवस आहे, जुनं सगळं विसरून काका स्वतः चालत आमच्या वडिलांना श्रद्धांजली वाहायला आले आहेत, याला म्हणतात सलोखा. मांडवभर टाळ्या. मोबाईल वर झाले. बायकांच्या बाजूला काकू पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

कोणीतरी ह्यांच्या ओंजळीत झेंडूची फुलं ठेवली. दोघांनी दंडाला धरून उठवलं आणि बागाईतदारांच्या मोठ्या फोटोपुढं उभं केलं. फोटोत तोच फेटा. मागच्या रस्त्यावरून आमच्या मिरवणुकीचा आवाज येत होता. मी ह्यांच्याकडं बघत होते. फेकतील फुलं, मनात म्हटलं, फेकाच. मग डोळ्यांपुढं मागच्या रस्त्यावरची आमची पोरं आली, लहान मुली फेटे बांधून नाचत असतील, आणि इथं दोनशे माणसं, भडकली तर सरळ तिकडंच जातील. ह्यांच्याही डोळ्यांपुढं तेच आलं असणार. मग ह्यांनी ओंजळ पुढं केली आणि फुलं वाहिली.

परत टाळ्या झाल्या. जेवून जा म्हणून आग्रह झाला, पाय दुखतो सांगून आम्ही निघालो. शाळेकडं गेलो नाही, आलो त्याच रस्त्यानं घरी परतलो. येता येता माझ्या मोबाईलवर फोटो आलासुद्धा, गावाच्या ग्रुपवर, खाली हात जोडलेली चित्रं आणि फुलं. पुढच्या बैठकीच्या फाईलला तो लागेल, हे मला कोणी सांगायला नको.

घरी आल्यावर ह्यांनी शर्ट काढून खुंटीला अडकवला. मी पाणी दिलं. ते प्यायले. तांब्या खाली ठेवून सहा वर्षांत पहिल्यांदा तो विषय त्यांनी स्वतःहून काढला.

"मला लई राग व्हता तुझा. वाटायचं, हिचा हात फुडं झालाच कसा. आज कळलं. आपसूक हुतो."

ते मला माफ करत होते. सहा वर्षं मी त्याचीच वाट बघत होते, आणि आता मला ती माफी नको होती. त्यांनी मरेपर्यंत माझ्यावर राग धरला असता तरी चाललं असतं, पण त्यांचा हात त्या फोटोपुढं जायला नको होता.